एकशे एक टक्के लाईव्ह

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या गायकांची असते.

टूरचं पोस्टर आलं : 'शिवराज सोलापूरकर लाईव्ह'. फोटो जुना आहे, पण चेहऱ्यात फारसा फरक नाही. तीन शो. कुर्डुवाडी, दुधनी आणि शेवटचा आपल्या सोलापूरच्या होम मैदानावर. चिंचोळीला फॅक्टरीत अठरा दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं : घरगुती.

संकल्प. एक, पहाटे पाचला रियाज. दोन, शेंगाची चटणी, भजी, ताक बंद. तीन, या टूरला व्होकल ट्रॅक अजिबात वापरायचा नाही.

तिसऱ्याचा खुलासा. आमच्या लॅपटॉपवर खालीवर सरकणारी दोन बटणं आहेत. एकावर म्युझिक. दुसऱ्यावर माझा आवाज, 'बार्शी रोडची राणी' हिट झालं त्या वर्षी रेकॉर्ड केलेला. लॅपटॉप ऋतुजा सांभाळते. इंजिनिअर पोरगी, हुशार, जरा फटकळ. मी उजव्या कानाला हात लावला की तिनं आवाजाचं बटण वर करायचं, अशी खूण ठरलेली. तीही फक्त 'थांब की गंऽऽ' या वरच्या ओळीपुरती. आधाराला. सगळेच करतात. पण या वर्षी नाही म्हणजे नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी ९.२०
पाचचा गजर वाजला. झोप हे गळ्याचं औषध आहे, म्हणून बंद केला.

रियाज बाथरूममध्ये. 'थांब की गंऽऽ' तीनदा घेतली. 'गं' लागला नाही, पण लागणार होता हे स्पष्ट जाणवलं. सिद्धेश्वरी बाहेरून म्हणाली, अहो, गिझर बंद करा, शिट्टी मारायलाय. गिझर बंदच होता. बायकोला काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो.

५ फेब्रुवारी, बुधवार, कुर्डुवाडी
शो जोरात. पब्लिक नाचलं. पहिली दोन गाणी शंभर टक्के लाईव्ह. तिसऱ्या गाण्याला धूळ उडाली, मैदानाला पाणीच मारलं नव्हतं. कानाला एकदा हात लावला.

शो संपल्यावर ऋतुजा म्हणाली, सर, अकरा वेळा. मोजत बसते. मी सांगितलं, त्यातले काही डास होते. ती म्हणाली, डासाला पण मी आवाज वर केलाय, मला काय कळणार?

आमचा मॅनेजर सिद्धाप्पा खूश होता. म्हणाला, आवाज मागून येऊ दे का पुढून, तोंड तुझंच हाय की. असल्या माणसाला कला समजावून सांगण्यात अर्थ नाही.

दुधनीला पूर्ण लाईव्ह.

६ फेब्रुवारी
कुर्डुवाडीच्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय : हे गायलेत का नुसते ओठ हलवायलेत? त्याला चारशे लाईक.

मी लक्ष देत नाही. सकाळपासून फक्त नऊ वेळा बघितलं.

सृष्टीनं मात्र लक्ष दिलं. माझी लेक. अकरावीला आहे. तिनं खाली लिहिलं : माझे पप्पा लाईव्हच गातात, मी रोज घरात ऐकते. मग त्या माणसाशी अडतीस कमेंट भांडली. संध्याकाळी येऊन विचारलं, पप्पा, लाईव्हच असतंय न्हवं? मी म्हणालो, म्हणजे काय! ती म्हणाली, मग झालं.

पोरगी गुणाची आहे. रात्रीचं जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

८ फेब्रुवारी, शनिवार
भांडण कॉलेजात पोचलं. सृष्टीनं वर्गात सांगितलंय की सोळा तारखेला सगळ्यांनी होम मैदानावर यायचं. पप्पा 'बार्शी रोडची राणी' कसल्याही ट्रॅकशिवाय गाणार. खोटं निघालं तर मी कॉलेजला यायची बंद होईन, असंही बोलून आली. मला न विचारता.

सिद्धाप्पाला कळलं तर तो उड्याच मारायला लागला. नवीन बॅनर छापायला टाकला : 'एकशे एक टक्के लाईव्ह! खात्री करायला या!' मी म्हणालो, वरचा एक टक्का कशाचा? म्हणाला, जाहिरातीचा.

आठ दिवस हातात आहेत. आठ दिवसांत गळा कुठल्या कुठे जातो. उद्यापासून पाचला.

९ फेब्रुवारी
रविवार. उद्यापासून.

११ फेब्रुवारी, मंगळवार, दुधनी
झालं ते नीट लिहून ठेवतो, नंतर लोक काहीही सांगतील.

दुपारी यात्रा कमिटीनं हुरडा दिला. सोबत शेंगाची चटणी. पाहुण्यानं नाही म्हणणं बरं दिसत नाही. घसा बसला. त्यामुळे, आणि केवळ त्यामुळे, 'राणी'ला सुरुवातीपासून ट्रॅक ठेव म्हणून ऋतुजाला सांगितलं.

आपल्याकडे सत्काराला वेळकाळ नसतो हे मी विसरलो. कमिटीचे अध्यक्ष आप्पा. त्यांना दुसऱ्या गावी साखरपुड्याला जायचं होतं. गाणं ऐन रंगात असताना ते चौघांना घेऊन स्टेजवर चढले. दोघांनी फेटा बांधायला घेतला. एकानं हातातला माईक काढून तिथं नारळ दिला. आणि आप्पांनी प्रेमानं अख्खा पेढा तोंडात कोंबला. मोठा होता. कंदी.

नेमकी तेव्हाच वरची ओळ आली. 'थांब की गंऽऽ' एकदम खणखणीत लागली. आठ मात्रा. माझ्या तोंडात पेढा, हातात नारळ, डोळ्यांवर फेट्याचं टोक. मी कानापासून हात लांब धरून हलवला, की बंद कर. ऋतुजाला वाटलं, आणखी वर कर.

नाचणारं पब्लिक थांबलं. मग मागून एक जण ओरडला, आरं, पेढा गायलाय! पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. सिद्धाप्पाला अर्थ विचारला. त्यानं सांगायला नकार दिला.

आप्पांनी मात्र जाताना पाठ थोपटली. म्हणाले, खाताखाता बी काय गळा हाय!

१२ फेब्रुवारी
व्हिडिओ दोन लाख लोकांनी बघितला. नाव पडलंय 'पेढा सिंगर'.

सृष्टीनं फोन पुढं धरला. मी म्हणालो, याला डिले म्हणतात. आवाज वायरीतून जातो, स्पीकर लांब असतात, पोचायला वेळ लागतो. ती म्हणाली, एवढा? म्हणालो, दुधनीत वायर फार लांब होती.

तिनं ते जसंच्या तसं लिहून टाकलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते इथं लिहीत नाही. सिद्धेश्वरी म्हणाली, पोरीला कशाला पुढं करता? मी म्हणालो, मी कुठं केलं?

पहाटे पाचला उठलो. खरंच उठलो. हळद-पाणी. गच्चीवर 'गंऽऽ' लावला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. दोनदा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आज रिहर्सल. ट्रॅक न घेता. 'राणी' दोन सूर खाली घेऊन बघू म्हणालो. ऋतुजानं घेतलं. आणखी दोन खाली म्हणालो. ती म्हणाली, सर, ह्याच्या खाली तळघर हाय.

तिला बाजूला घेऊन सांगितलं, सोळाला फक्त वरच्या ओळीला आधार दे, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, न्हाय. तुमी पोरीला शब्द दिलाय. मी त्या बटनाला हात लावणार न्हाय, म्युझिकपुरतीच हाय मी. सिद्धाप्पाला मध्ये घातलं. त्यालाही तिनं तेच सांगितलं. आजकालच्या पोरींना टीमवर्क कळत नाही.

सूर मूळचाच ठेवला. ठीक आहे. लाईव्ह तर लाईव्ह. नाहीतरी माझा तोच आग्रह होता.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ३
चार तास राहिले. सकाळपासून सहा वेळा गरम पाणी प्यालो. सृष्टीच्या वर्गातली चाळीस पोरं येणार आहेत. पुढून दुसरी रांग त्यांची. पहिल्या रांगेत सिद्धेश्वरी आणि सृष्टी.

मघाशी सृष्टीनं माझा शर्ट इस्त्री केला. म्हणाली, पप्पा, तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मला भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. गेली सात वर्षं मी ती ओळ एकट्यानं गायलेलो नाही. मला आठवतही नाही ती कशी घेत होतो. ओळ चुकली तर मी कुठंही तोंड लपवीन, पण तिला सोमवारी कॉलेज आहे.

सातव्यांदा पाणी गरम करायला ठेवतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी १०
लागला! लागला! लागला!

सविस्तर. 'राणी' सुरू होताना ऋतुजाकडं बघितलं. ती लॅपटॉपपासून चार हात लांब, हाताची घडी घालून उभी. म्हणजे कुणी काही करायला नव्हतंच. मी देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं, आणि जो आवाज बाहेर पडला तो मलाच ओळखू येईना. मोकळा, गोड, तिशीतला. वरच्या ओळीला सवयीनं हात कानाला गेला, पण ऋतुजा जागची हलली नाही. स्वतः बघितलं. आणि तरीही 'गंऽऽ' लागला. आठच्या आठ मात्रा. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी.

यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. मला ट्रॅकची गरज कधीच नव्हती. आत्मविश्वास कमी पडत होता. उगाच सात वर्षं फुकट घालवली.

वर्गातली पोरं स्टेजवर आली. ज्यानं सगळ्यात जास्त चिडवलं होतं तो वाकून पाया पडला. सृष्टी फोटोत नाही. गाण्याच्या वेळी तिची खुर्ची पण रिकामी दिसली, शूटिंग करायला कुठं बाजूला गेली असणार. घरी येताना डोळे लाल होते. पोरीला आनंद आवरला नाही.

सिद्धेश्वरी घरी येऊन थेट झोपायला गेली. तिचं तसंच असतं.

ठरवलं : पुढची टूर पुणे-मुंबई. व्होकल ट्रॅकची फाईल ऋतुजाला कायमची डिलीट करायला सांगायची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ऋतुजाला फोन केला. म्हणाली, सर, डिलीट करायच्या आधी सृष्टीला एकदा विचारा.

सृष्टी संध्याकाळी आली. कॉलेजात वर्गानं टाळ्या वाजवल्या म्हणे. तिनं आल्या आल्या माझ्याबद्दल लिहिलेल्या सगळ्या कमेंट पुसून टाकल्या. एकेक करून, माझ्यासमोर बसून. मी म्हणालो, अगं, आता कशाला? आता तर आपण जिंकलो.

तिनं शेवटची कमेंट पुसली. मग म्हणाली, बटण मी वर केलं. गच्चीवर तुमी गाताना ऐकलं, तवाच मला कळलं होतं. ऋतुजाताई नको नको म्हणत होती, मी ऐकलं न्हाय. ती रागानं लांब जाऊन उभी राहिली. मी लॅपटॉपच्या मागं खाली बसले होते, म्हणून तुमाला दिसले न्हाय.

मी हसायचा प्रयत्न केला. म्हणालो, बरं, म्हणजे वरच्या ओळीपुरता आधार दिलास. बाकी गाणं तर माझंच होतं ना?

ती मान हलवून न्हाय म्हणाली. पहिल्या शब्दापासनं, पप्पा. तुमी तोंड उघडलं आन् ट्रॅक ओळखून आईनं मान खाली घातली.