लिंबाच्या जाळीवरचे दगड

रुस्ताक, ओमान, शुक्रवार संध्याकाळ

आज अर्बाबला, म्हणजे मालकाला, तोंडावर नाही म्हटलं. पश्चात्ताप? मुळीच नाही.

त्याचे पाहुणे बाग बघायला आले होते. लिंबाची रोपं जाळीत झाकलेली बघून एकजण हसला. लगेच अर्बाब मला म्हणाला, "दिनेश, जाली निकालो, फोटो लेना है. पाँच मिनट, खलास."

"नहीं अर्बाब. कीड़े को एक मिनट बस है."

तुडतुडा एवढुसा, पण तो चावला की रोग लागतो आणि फांद्यांचा झाडू होतो. अर्बाबच्या वडिलांची ह्याच जमिनीतली अख्खी बाग तशीच गेली. त्यानेच तर मला सांगितलं होतं! मग विसरला कसा?

गुहागरला आई मच्छरदाणी गादीखाली खोचते, तशी प्रत्येक जाळीची कड मी मातीत दाबलीय, वर दगड ठेवलेत. ती फोटोसाठी उघडू?

तो पाहुण्यांना घेऊन पुढे निघून गेला. उद्या कदाचित परतीचं तिकीटच हातात देईल. देऊ दे.

पाहुणे गेल्यावर मी प्रत्येक जाळीच्या कडेवर आणखी दोन दगड ठेवले. उघडायचीच असेल तर आता अर्बाबने स्वतः वाकावं, आणि बापाच्या बागेच्या मातीत हात घालावा.