दोन घड्याळे, त्यातले दादाचे कोणते

मी, पुनाराम दशरथ कटरे, वय ७१ वर्षे, धंदा शेती, राहणार कामठा, तालुका व जिल्हा गोंदिया, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शुद्ध ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा गोंधळ आहे तो दोन घड्याळांपुरता, आणि तो कलम ३ मध्ये जसाच्या तसा लिहिला आहे. त्याच गोंधळापायी आधीची दोन मृत्युपत्रे मी स्वतः फाडली.

१. राहते घर पत्नी चंद्रकांता हिचे, तिच्यामागे मुलगा भुपेंद्र याचे. माझे घड्याळांचे टेबल तिने खुशाल काढावे. चार वर्षे तिथे झाडू लावू दिला नाही याचा तिला राग आहे, आणि तो रास्त आहे.

२. बोडीखालचे धानाचे शेत भुपेंद्रला. बोडी म्हणजे आमच्या आजोबांनी बांधलेला तलाव. तिच्या पाण्याच्या पाळीवरून ऐन रोवणीत माझे आणि थोरले बंधू शालीकराम यांचे भांडण झाले. त्यानंतर एकोणीस वर्षे, ते वारेपर्यंत, आम्ही बोललो नाही. त्या दिवशी पाळी माझीच होती, हे आजही म्हणतो. तरी माझ्यामागे पहिले पाणी दादाच्या शेताला सोडावे. भुपेंद्रने हुज्जत घालू नये.

३. घड्याळे एकूण नऊ. सगळी जुनी, स्वस्तातली, ऑटोमॅटिक. म्हणजे चावी द्यावी लागत नाही. हात हालला की आतले वजन फिरते आणि घड्याळ चालते. चार वर्षांपूर्वी मला हे धड माहीत नव्हते. दादा वारल्यावर महिनाभराने शामकला वहिनींनी त्यांचे घड्याळ माझ्याकडे धाडले. बंद होते. निरोप काहीच नव्हता. आम्हा दोघा भावांची लग्ने एकाच मांडवात झाली, तेव्हा वडिलांनी एकसारखी दोन घेतली होती. त्यातले माझे पेटीत पडून होते. का धाडले ते कळेना. दुरुस्त करून पाहिजे असेल, असे धरून चाललो.

मोबाईलवर पाहून शिकलो. चिमटा, बारीक पेचकस, डोळ्याला लावायचे भिंग आणले. हात बसावा म्हणून गोंदियाच्या बाजारातून जुनी सात घड्याळे घेतली. तीन बिघडवली, चार चालू केली. मग धीर करून दादाचे आणि माझे एकाच थाळीत उघडले. जेवण वाढायला म्हणून चंद्रकांताने थाळी उचलली आणि ती कलंडली. चक्रे, स्क्रू, सगळे एक झाले. घडीसाज बकाराम यांनी दोन्ही जोडून दिली, पण कोणते कोणाचे हे त्यांनाही सांगता आले नाही.

दोन्ही चालू झाली तशी ती घेऊन वहिनींकडे गेलो. दादाचे घड्याळ दुरुस्त झाले, असे सांगितले. त्या म्हणाल्या, "घडी बिघडली कुठं होती, भाऊजी? दीड वर्ष डावा हात लुळा पडला होता त्याईचा. हातच हालत नव्हता."

मी त्या दीड वर्षात एकदाही पाहायला गेलो नव्हतो.

त्यातले दादाचे कोणते हे वहिनींनाही ओळखता आले नाही, म्हणून दोन्ही परत आणली. सबब ही दोन्ही घड्याळे दादाची मुलगी रुची हिला. एकच दिले तर चुकीचे जाईल. उरलेल्या सातांतली चालू चार माझी मुलगी डिंपल हिने जे रोज हाताला बांधतील त्यांना वाटावी.

४. घड्याळदुरुस्तीची अवजारे आणि बिघडलेली तीन घड्याळे बकाराम यांना.

हा मजकूर वहिनींना वाचून दाखवला. सही करण्याआधी विचारले, घड्याळ धाडायचे दादाने सांगितले होते का. चार वर्षे हे विचारायचे राहिले होते. त्या म्हणाल्या, "त्याईनं काही नाही सांगतलं. मीच धाडली. कोणी तं पयले बोलाले पायजे होतं."

यात काही बदल करावा असे वाटले नाही. सही करतो.

पुनाराम दशरथ कटरे

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. वीरेंद्र पटले, कामठा
२. इंद्रकुमार बिसेन, बिरसी

ठिकाण: कामठा
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५