पाटीवरचं आडनाव

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मी काही पत्रं लिहिणारी नाही. चौथीत शाळा सुटली माझी. पण काल नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, काळ्या लोकांना स्लेव्ह करायचे ना, ते एजेस अगो होतं. सर म्हणाला." मी म्हटलं, आधी 'म्हणाले' म्हण. आणि एजेस अगो कसलं? त्या एजेस अगोच्या हातचा चहा मी रोज प्यायलेय.

सन ऐंशीनंतरचं ते वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलाचं तळघरातलं किचन. मी नवी, माझं इंग्रजी म्हणजे येस, नो, सॉरी आणि मोडकेतोडके चार शब्द. तुम्ही जमैकाहून आलेल्या, सगळ्यांत जुन्या. मला शिकवताय, सावकाश, अर्धं तोंडानं, अर्धं हातांनी. "ज्याला गिळता येत नाही त्याचं सूप घट्ट हवं, लव्ह. चमचा उलटा कर. बघ, कसं पडतंय?" चुकलं की चमच्यानंच मनगटावर टक. माझ्या सासूनं कधी इतक्या मायेनं मारलं नव्हतं.

एक दिवस पुढच्या दाराशी मला संगमरवरी पाटी दिसली. इमारत बांधून देणाऱ्या कुणा जुन्या साहेबाची. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं तुमच्या बॅजवरच्या आडनावाशी तंतोतंत जुळली. आमच्याकडे आडनावात गाव असतं. आडनाव एक म्हणजे गाव एक, भाऊबंदच. मी धावत खाली आले. "युवर फॅमिली! बिग मॅन! सेम व्हिलेज!" किचनमधल्या सगळ्या खिदळल्या. तुम्ही नाही. हात पुसलेत, मला पिठाच्या पोत्यावर बसवलंत. "फॅमिली नाही, लव्ह. त्याच्या पूर्वजांनी माझ्या पूर्वजांना विकत घेतलं. गुराला डाग देतात तसं नाव दिलं." मग उसाच्या मळ्यांचं सांगितलंत. उसाचं पातं हात कसा कापतं ते मला माहीत होतं, म्हणून तेवढं इंग्रजी कळलं. गुलामांची सुटका झाली तेव्हा सरकारनं भरपाई दिली म्हणालात. मी म्हटलं, गुड, गुड, तुमच्या खापरपणजीला काहीतरी मिळालं. "तिला? मालकाला! नुकसान त्याचं झालं ना!" आणि तुम्ही अशा हसलात की मला तुमची भीतीच वाटली.

सुपरवायझरची जागा दोनदा निघाली, दोन्ही वेळा तुम्ही शिकवलेली गोरी पोर तुमच्या डोक्यावर बसली. मॅनेजर म्हणायचा, "तुझ्यासारखे हात कुणाचे नाहीत, पण माणसं सांभाळणं वेगळं." तुम्ही मला म्हणालात, "मळ्यावरही हेच म्हणायचे. हात आमचे, डोकं त्यांचं. ती माणसं मेली, पण वाक्य अजून नोकरीवर आहे."

तिसऱ्यांदा जागा निघाली आणि तुमच्याकडे शिकायला तिसरी पोर आली, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, "माझं काम मी करीन. शिकवणार नाही. शिकवणं सुपरवायझरचं काम." मला वाटलं, आता नोकरी जाणार तुमची. तेवढ्यात ती पोर माझ्याकडे वळून काहीतरी विचारू लागली. मी म्हटलं, "नो इंग्लिश." तुम्ही पातेल्याआडून डोळा मारलात. दुसऱ्या दिवशीही नो इंग्लिश. मग पोर्तुगीज बाईलाही इंग्रजी येईना, आणि जन्मानं कार्डिफच्या असलेल्या आयरिश म्हातारीलाही येईना! ट्रे उशिरा जाऊ लागले, वॉर्डातून फोन खणखणले, मॅनेजर टाय सैल करत जिना उतरला. जागा तुम्हाला मिळाली.

नवा बॅज लागला, त्यावर तेच आडनाव. मी विचारलं, आता तरी बदला की हो. तुम्ही म्हणालात, "माझ्या आईनं हे नाव लावून तीन पोरं वाढवली. आता ते आमचं. लाज वाटत असेल तर त्यानं पाटी बदलावी." बाई, एवढा ताठ कणा मी देवळातल्या मूर्तीचासुद्धा पाहिला नाही.

नात विचारतेय, "आजी, तू कोणाला लिहितो?" लिहितेस म्हण गं.

पाठवायचं तरी कुठे, आणि मराठी तुम्हाला कुठे येत होतं. म्हणून एक सांगून टाकते. त्या 'नो इंग्लिश'साठी तुम्ही मला रिटायर होईपर्यंत मिठ्या मारल्यात, शूर म्हणालात. पहिल्या दिवशी ती पोर त्या गाण्यासारख्या वेल्श इंग्रजीत काय म्हणाली, ते मला खरंच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं होतं.