ह्यांची कादंबरी, वसंताचं दुकान

४ ऑगस्ट, रवि.
पुस्तकं आली. टेम्पोवाल्याने गठ्ठे अंगणातच टाकले. ह्यांनी एकेक गठ्ठा बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तसा आत आणला. 'चौकटीमागचा हात'. रहस्यकथा. मुखपृष्ठ स्वतःच काढलंय. सोनेरी चौकट, तिच्यामागून आलेला हात, हातात हातोडी.
मी म्हटलं, "खून फ्रेमवाला करतो का?"
चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"
मी चहा ठेवला.

९ ऑगस्ट, शुक्र. नागपंचमी
दुपारी वाचायला घेतली. मुंबईतला मोठा चित्रकार. त्याची खरी चित्रं फ्रेम करायला जातात आणि खोटी परत येतात. त्याला संशय येतो आणि तो मरतो. मग गॅलरीतली माणसं हातात ग्लास घेऊन पानंच्या पानं बोलतात. हे आयुष्यात दोनदा गॅलरीत गेले, त्यातलं एकदा पावसात अडकले म्हणून. नोकरी सगळी इथे रोह्याजवळ, धाटावच्या केमिकल कंपनीत, ड्रमवरच्या लेबलांची चित्रं काढण्यात. धोका. ज्वलनशील. कवटी आणि दोन हाडं. चित्रकाराचं प्रेत वाचताना मला तीच कवटी दिसत राहिली.
मग फ्रेमवाला आला. विश्राम. ओठात खिळे धरून बोलतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला "धनी" म्हणतो. डावा खांदा जरा खाली.
पुस्तक मिटलं. हा आमचा वसंता आहे. माझा धाकटा भाऊ, पेणला फ्रेमचं दुकान असलेला. खांद्यासकट उचललाय.

१० ऑगस्ट
उरलेली वाचली. वाचायला नको होती.
विश्रामची बायको विहिरीत पडून गेलेली. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर सांगतो की ती पडली नव्हती. चित्रकाराचा खून दुसरा. पहिला तिचा.
शैला. वसंताची बायको. त्यांची मुलगी मीनल तेव्हा नुकती चालायला लागली होती. शैला विहिरीवर पाण्याला गेली, शेवाळावरून पाय घसरला. पोलीस आले, विचारून गेले, पुढे काही झालं नाही. पण पेणमध्ये ज्याला जे बोलायचं ते त्याने बोलून घेतलं. वसंताने दुसरं लग्न केलं नाही, त्याचाही अर्थ काढला.
हे अंघोळीहून आले तेव्हा मी पुस्तक हातात धरूनच उभी.
"अगं, कल्पित आहे ते."
"विहीर कल्पित आहे?"
डोकं पुसत राहिले. मग टॉवेलातूनच म्हणाले, "तेव्हा सगळं पेण बोलतच होतं की. मी नवीन काय लिहिलं?"

१८ ऑगस्ट, रवि.
ओळखीच्या सगळ्यांना वाटून झाली. आता फोन करकरून विचारताहेत, वाचली का, वाचली का. लोक आमचा नंबर बघून उचलत नाहीत.
नदीपलीकडच्या अष्टमी गावची कुंदा पुलावर भेटली. "गो ताई, खून व्हायचा कधी म्हणून मी वाट बघतेय. तवर माझी दोनदा भाजी चिरून झाली."
औषधाच्या दुकानातले काका म्हणाले, "साहेबांना सांगा, झोपेची गोळी बंद केली मी. दोन पानांत काम होतंय."
मी दोन्ही घरी येऊन सांगितलं. जसंच्या तसं. हे जेवताना थांबले. मला वाईट वाटायला हवं होतं. भात वाढला.

२३ ऑगस्ट, शुक्र.
पेणला गेले. गाडी कासू स्टेशनात उगाच थांबून राहिली, तेवढा वेळ काय बोलायचं ते ठरवत होते. ठरलं नाही. पेणमध्ये गणपतींची घाई. दारोदारी रंग सुकत घातलेले, रस्त्याने चालताना मूर्तींना धक्का लागेल म्हणून अंग चोरावं लागतं.
वाटलं होतं, वसंताकडे पुस्तक पोचलं नसेल. गल्ल्याशेजारीच होतं. ह्यांनी पोस्टाने पाठवलेलं. आत सही: 'प्रिय वसंतास, तुझ्या कलेला सलाम.' ह्या माणसाला खरंच कळत नाही की कळून करतो, इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.
"वाचलंस?"
"वाचला."
कोणाच्या तरी आजोबांचा फोटो काचेत बसवत होता. तो पुरा बसवला, कोपरे दाबून बघितले, पुसला. मग म्हणाला, "ताई, कोनाला कळनार नाय. रोह्याची मानसं वाचतील, हसतील, इसरतील. तू फक्त गप ऱ्हा. भावजींना पन काय बोलू नको. बोललं की वाढतं."
मीनल शाळेत होती. ती तिथेच मुलांना शिकवते. "तिनं वाचलं?"
"तिला नाय दाखवला."
येताना स्टेशनपर्यंत सोडायला आला. शैलाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

२८ सप्टें., शनि.
पितृपक्षात कार्यक्रम नको म्हटलं होतं. ह्यांना दम कुठला. वाचनालयाच्या हॉलमध्ये चर्चा. वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी समोशांसाठी.
सुरुवात जोगळेकर बाईंची. त्यांचं वाचन मोठं आणि जीभ त्याहून. "कादंबरी छोटी आहे, हा तिचा सगळ्यात मोठा गुण." हशा. "लेखकाने चित्रकाराला मारलं ते बरंच झालं. तो अजून बोलला असता तर मीच मारलं असतं." टाळ्या. एकाने विचारलं, गॅलरीतले सगळे एकाच आवाजात का बोलतात? दुसऱ्याने उत्तर दिलं, माईक एकच होता.
हे हसत होते. ओठ हसत होते. मान घामाने भिजलेली मला मागून दिसत होती. मला मजा येत होती. लिहून ठेवते, कारण उद्या मीच नाकारीन. अंगणातून बाळं आणल्यासारखे गठ्ठे आणणारा माणूस सोलला जात होता आणि मी पदर नीट करत आरामात बसले होते.
मग जोगळेकर बाई म्हणाल्या, "आणि तो फ्रेमवाला! कागदी पात्र. असा माणूस असतो का कुठे?"
इतका वेळ गप्प बसलेले हे ताडकन उठले. "असतो. मी जवळून बघितलाय. खऱ्या माणसावरून घेतलंय."
"कोण?"
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कौतुकाने. जणू मी उठून नमस्कार करायचा.
बाई म्हणाल्या, "सांगा हो वहिनी, तुम्हाला खुनी कधी ओळखू आला?"
मी उभी राहिले. "पहिल्यांदा आला तेव्हाच. तो माझा भाऊ आहे. पेणला असतो. आणि त्याने कुणाला मारलेलं नाही."
मला वाटलं, आता ह्यांना लाज वाटेल. सगळ्यांना वाटेल.
मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "म्हणजे विहिरीचं... तेही खरं?"
आणि सगळ्या खुर्च्या एकदम पुढे सरकल्या. संध्याकाळभरात पहिल्यांदाच कुणाला तरी पुढे काय झालं ते जाणून घ्यायचं होतं.
टेबलावरची सगळी पुस्तकं खपली. समोसे उरले.

२९ सप्टें.
हे सकाळी गुणगुणत दाढी करत होते.

६ ऑक्टो., रवि.
जोगळेकर बाईंचा फोन. "परत वाचली हो. खरी घटना म्हणून वाचली की पकड घेते." मग लगेच, "तुमच्या भावाचं दुकान पेणमध्ये नेमकं कुठे? नातवाचा फोटो मढवायचाय."
म्हटलं, रोह्यात फ्रेमवाले आहेत.
"हो, पण..." म्हणाल्या आणि हसल्या.
सांगितलं नाही. त्यांना ह्यांच्याकडून मिळालं.

१४ ऑक्टो., सोम.
वसंताचा फोन. नेहमी मीच करते.
"लोक येतायत दुकानात. काय घेत नाय, नुसती बघतात. एक बाई आलेली, तुमच्या रोह्याची, चष्मेवाली. फोटो दिला आनि माझ्या हाताकडे बघत बसली. हात धुवून ये सांगनार की काय असा वाटला." मग म्हणाला, "काल पोरांनी शटरवर खडूनं इश्राम लिवला."
मी रडायला लागले.
"ताई, मी तुला गप ऱ्हा सांगितलेला. भावजींनी लिवला, तरी कोनाला ठाव नव्हता. तू सांगितलास."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं.

१५ ऑक्टो.
ह्यांना म्हटलं, उरलेली पुस्तकं विकू नका. जाळा, रद्दीत घाला, काहीही करा.
"वेडी आहेस का? दुसरी आवृत्ती मागताहेत."
"वसंता मरेल."
"काही मरत नाही. उलट दुकान चाललंय त्याचं." मग जवळ बसले, हात धरला, खूप दिवसांनी. "हे बघ, आयुष्यभर मी कवट्या काढल्या. कुणी एकदा तरी विचारलं, ही कवटी कुणी काढली? आता विचारताहेत. एवढं मला घेऊ दे."
हात काढून घेतला. पण लगेच नाही. हेही लिहून ठेवते.

२१ ऑक्टो., सोम.
मीनलचा फोन. शाळेच्या मागच्या मैदानातून करतेय म्हणाली, मागे पोरांचा कालवा. स्टाफरूममध्ये पुस्तक फिरत होतं. ती आत गेली की कुणीतरी ते उलटं ठेवायचं. शेवटी तिनेच मागून घेतलं आणि तासाला न जाता वाचून काढलं.
"आत्या, आई गेली तेव्हा बाबा कुठं होते?"
"दुकानात, बाळा."
"तू बघितलंस?"
"मी रोह्याला होते गो. मला निरोप आला."
"म्हणजे तुला पण सांगितलेलंच माहीत हाय."
घंटा झाली. ठेवते म्हणाली.
तेव्हापासून मी एकच गोष्ट आठवायला बघतेय, तो दुकानात होता हे मला कुणी सांगितलं. आठवत नाही. वसंतानेच सांगितलं असणार. दुसरं कोण सांगणार? दुकानात होता. होताच. आणि असं दोनदा लिहावं का लागतंय मला.

३० ऑक्टो.
वसंताचा फोन नाही. मी केला, मीनलने उचलला. भाऊबिजेला ये म्हणाली, बाबांनी सांगितलंय. हे म्हणाले, मीही येतो, समोरासमोर बोललं की सुटतं सगळं. म्हटलं, आलात तर मी परत येणार नाही. मग नाही येत म्हणाले.

३ नोव्हें., रवि. भाऊबीज
गाडीत बसून लिहितेय. अक्षर हलतंय.
दुकान बंद होतं. सणासाठी असेल. घरात पाट मांडलेला, मीनलने रांगोळी काढलेली. वसंताने नवा शर्ट घातला होता. दार उघडून म्हणाला, "या ताई, बसा. पानी घ्या."
या. बसा. घ्या. जन्मापासून मला तू म्हणत आलेला पोरगा. मला वाटलं, मागे कुणी उभं आहे. मागे कुणी नव्हतं.
ओवाळलं. कुंकू लावताना त्याचं कपाळ अगदी स्थिर. साडी दिली, भारीतली. कधी एवढी भारी देत नाही. मीनल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, ना आत ना बाहेर. तिच्याशी तो एक शब्द बोलला नाही. तीही नाही. घरात किती दिवस असं चाललंय कुणास ठाऊक.
मी म्हटलं, "वसंता, चुकले. मला वाटलं, सगळ्यांसमोर सांगितलं की तोंडं बंद होतील."
"व्हय."
"आवृत्ती मी निघू देणार नाही."
"निघू द्या. आता काय त्याचा." निरांजन अजून जळत होतं, त्याकडे बघत होता. मग मान वर केली. "सगली इचारतात भावजींना, पुस्तक कसा वाटला, कसा नाय. तुमाला कोनी इचारला नाय नीट. मी इचारतो. तुम्ही शेवटपर्यंत वाचलात ना?"
"वाचलं."
"तो विहिरीचा पान वाचताना काय वाटला? खरा वाटला?"
नाय. एवढाच शब्द होता. लगेच म्हणायचा होता.
मी आधी मीनलकडे बघितलं. का बघितलं मला माहीत नाही. ती माझ्याकडेच बघत होती, वाट बघत होती, त्याच्यापेक्षा जास्त. मग मी म्हटलं, "नाय रे. कसं वाटेल?" पण तोवर तो उठला होता. ताटातलं निरांजन हाताने विझवलं आणि आत गेला. मोरीत नळ सुटल्याचा आवाज आला.
मीनल स्टेशनवर सोडायला आली नाही.
नागोठणे गेलं. ह्यांचा फोन आला. "काय म्हणाला वसंता? वाचली त्याने?"
फोन कानाला लावून बसलेय. ते हॅलो, हॅलो म्हणताहेत.