आमच्या गावचा सावकाश भूकंप

मुक्काम तोच, तालुका दर्यापूर
रमजानच्या आधीचा आठवडा

अकोल्याचे कापसाचे नामांकित व्यापारी गयासुद्दीनभाई यांना पुंजारामचा आधी सलाम, मग रामराम. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? बिस्मिल्लाबी भाभींची शुगर आटोक्यात आहे ना? इकडं आम्ही सगळे मजेत. रुख्मिणीची कंबर तेवढी दुखते, पण ती कामाच्या वेळी दुखत नाही, मी बसलेला दिसलो की दुखते.

(रुख्मिणीनंच बजावलं होतं की भाई आता मोठे झाले, त्यांना 'तुम्ही' लिहा. एक परिच्छेदभर लिहिलं, आता पुढं जमत नाही. अमरावतीच्या होस्टेलात ज्यानं माझ्या डब्यातला ठेचा रोज पळवला आणि वर तिखट कमी आहे म्हणून नाक मुरडलं, त्याला मी 'तुम्ही' म्हणू शकत नाही.)

तर गयास, तू म्हणशील की खिशात फोन असताना या बुढ्याला पत्र काहून सुचलं. कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा मी नुसतं "उज्मा" एवढं म्हटलं, तर तू सुरूच झालास, "ईद झाली का पोरगी अकोल्याले येईन, शाळेतली नोकरी धरीन, जमिनीचं खूळ बंद. तू कापसाचं बोल." आणि मी खरंच कापसाचं बोललो, असा मी गाढव. पत्राचं बरं असतं, वाचणाऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही. तुझ्या लेकीनं आमच्या घरी काय केलं ते सगळं ऐक, मग शाळेचं काय ते ठरव. तोवर हेडमास्तरला हो म्हणू नकोस.

गेल्या पोळ्याच्या सुमारास ही पोट्टी ते यंत्र छातीशी धरून आमच्या दारात जीपमधून उतरली. यंत्र दिसायला पिठाच्या डब्यासारखं, पण नखरे नव्या जावयाचे. जमीन केसाएवढी जरी एका अंगाला कलली तरी त्याला कळते म्हणे, म्हणून त्याला अगदी शांत जागा पाहिजे. आधी धामणगाव रेल्वेला माझ्या साडूकडं ठेवून पाहिलं, तर त्याला मालगाड्यांशिवाय दुसरं काही सुचेना. मग कौंडण्यपूरला नदीकाठी एक जागा पसंत केली, तेव्हा कळलं की यात्रेतला आकाशपाळणा दरवर्षी नेमका तिथंच उभा राहतो. मी म्हटलं, बेटा, आमच्याकडं आण, आमच्या गावात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. (कुत्रं आहे, पण ते माझ्यावर गेलं आहे, झोपूनच असते.) मग आमच्या मागच्या लहान खोलीत काळी माती पार होऊन मुरूम लागेपर्यंत खड्डा खणला, तळाशी सिमेंटचा ओटा केला आणि त्यावर यंत्र बसवलं. तसंच दुसरं यंत्र तिनं सातपुड्याच्या पायथ्याशी उघड्या खडकावर नेऊन ठेवलं.

हे सगळं कशासाठी, ते तू तिला कधी विचारलं नाहीस, म्हणून मी सांगतो. जमिनीखाली खडकाचे दोन मोठे तुकडे एकमेकांना रेटत अडून बसलेले असतात. ताण साठत जातो आणि एक दिवस ते क्षणात निसटतात, तो आपला नेहमीचा भूकंप. पण काही ठिकाणी ते निसटत नाहीत, हळूहळू सरकतात. आठवडेच्या आठवडे सरकत राहतात आणि वर कपबशी हलत नाही, कोणाची झोप मोडत नाही. मला लगेच पटलं. शेताच्या हद्दीचा धुरा कोणी एका दिवसात उचलून पुढं नेला तर काठ्या निघतात, पण दरवर्षी वीतभर सरकवला तर शेजाऱ्याला नातू झाल्यावर कळतं. उज्मा म्हणाली, हळू सरकण्यानं ताण कुठं सुटतो आणि कुठं उलटा वाढतो हे समजलं, तर मोठ्या भूकंपाचं गणित थोडं तरी हाती लागेल. जपानकडं असे सावकाश भूकंप सापडले आहेत, आपल्यासारख्या जमिनीत कोणी नीट पाहिलंच नाही. हे सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की मी पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.

माझी चूक एवढीच झाली की धुऱ्याचा दाखला मी धर्मेंद्रसमोर दिला. धर्मेंद्र म्हणजे ज्याचं शेत माझ्या शेताला लागून आहे तो. त्यानं दुसऱ्या दिवशी गावभर केलं की त्याचा धुरा माझ्या शेतात वीतभर आला आहे तो त्यानं सरकवलेला नाही, तो सावकाश भूकंपानं सरकला आहे, आणि पाहिजे तर अकोल्याच्या मॅडमला विचारा. आता बोल, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

यंत्र बसल्यावर आमच्या घराचं मात्र दवाखान्यासारखं झालं. उज्मा संशोधनासाठी अमरावतीला राहायची, अधूनमधून यायची, पण जाताना सांगून गेली होती की धक्का लागू देऊ नका. बस्स, रुख्मिणीनं ते मनावर घेतलं. वर्षाचं तिखट तिनं बहिणीकडं जाऊन कुटलं. बैल लांब बांधले. दुपारी मी घोरायला लागलो की मला उठवून अंगणातल्या लिंबाखाली धाडायची. आता बायको एवढं करते म्हटल्यावर मी मागं राहीन का? मी विचार केला, अत्तराची बाटली आपण कशात ठेवतो? कापसात. मग एवढं नाजूक यंत्र उघडंबोडकं कसं ठेवायचं? त्याच्या खोलीला लागून आमची मोठी खोली आहे, ती मी पहिल्या वेचणीपासून भरायला घेतली, थेट आढ्यापर्यंत. तसा भावाची वाट पाहत कापूस आपण सगळेच घरात भरतो, पण दरवर्षी तो चार ठिकाणी विखुरलेला असतो. या वर्षी बोंड न बोंड त्या एका खोलीत. उज्माला सांगितलं नाही, प्रेमानं केलेलं काम कोणी बोलून दाखवते का? (तिनं एकदा विचारलं होतं की शेजारच्या खोलीत कोणी उड्या मारत नाही ना. मी म्हटलं, मुंगीसुद्धा नाही. ते खरंच होतं, मुंगीला जागाच नव्हती.)

आणि बाप्पा, यंत्र बोलायला लागलं! दिवाळीनंतर उज्मा पेढे घेऊनच आली. लॅपटॉपवर एक रेघ दाखवली, हळूहळू, नेटकेपणानं खाली उतरत चाललेली. जमीन एका बाजूला कलत होती. रेघ काही दिवस जोरात उतरे, काही दिवस सपाट राही, पुन्हा उतरे. (वेचायला बाया मिळाल्या की जोरात, नाही मिळाल्या की सपाट. हे मला तेव्हा सुचलं असतं तर मी कापूस विकत बसलो असतो का?) गाव नुसतं फुगलं. पहिल्यांदा दोन-चार म्हातारे घाबरले, पण हा भूकंप घर पाडत नाही म्हटल्यावर त्यांना तो आवडायला लागला. दर्यापूरच्या जीपवाल्याला लोक सांगू लागले, "त्या हळू भूकंपाच्या गावाले सोड." आपल्या गावाला आजवर काही नव्हतं, गयास, धड बसथांबासुद्धा नव्हता. आता भूकंप होता.

मग ते खरं आहे की नाही तपासायला उज्माला संशोधन शिकवणाऱ्या मोठ्या मॅडम आल्या, प्रतीक्षा मॅडम. फार शांत बाई, चहा घेताना बशीचासुद्धा आवाज नाही. आणि नेमका त्याच दिवशी सकाळी तुझा फोन, "पुंज्या, भाव चढला, गाडी धाडून राहिलो, आजच्या आज भर." म्हणजे पुढं जे झालं त्यातलं अर्धं तुझ्या डोक्यावर आहे, हे लक्षात ठेव. तुझी गाडी मागच्या गल्लीत लागली, आम्ही गाठोडी बांधून भरायला लागलो. पुढं ओसरीत मॅडम, उज्मा, लॅपटॉप आणि अर्धं गाव. आणि जी रेघ तीन महिने खाली चालली होती ती एकदम वर निघाली.

उज्मा ओरडली, "ताण सुटला! मॅडम, सुटला!" मग काय विचारतोस! लोक घराबाहेर पळाले. रुख्मिणीनं आधी गॅस बंद केला, मग देवाला हात जोडले. धर्मेंद्र पळत सुटला तो थेट शेतावर, धुरा कोणीकडं गेला ते पाहायला. उज्मा मात्र यंत्राकडं धावली, आणि शेवटचं गाठोडं डोक्यावर घेऊन मोठ्या खोलीतून निघालेला मी तिच्यासमोर आलो. तिनं माझ्या मागं रिकाम्या खोलीत पाहिलं. "काका, यात काय होतं?" मी म्हटलं, "कापूस." "किती?" "आढ्यापावतर." "कधीपासून?" मी म्हटलं, "पयल्या येचनीपासून, बेटा. तुया यंत्राले धक्का लागू नये म्हून."

ती उंबऱ्यावर मटकन बसली. एवढा कापूस जमिनीवर चढला की जमीन तिकडं दबणार आणि उतरला की वर येणार, हे तिला एका क्षणात कळलं, आणि तिचा चेहरा पाहून मलाही कळलं. तीन महिने ज्याचे पेढे वाटले तो भूकंप म्हणजे मी होतो. मी तिला हातानं खुणावलं, गप राय, गाडी आता जातेच, मॅडमला कुठं कळणार आहे. देवाशपथ, आख्ख्या गावातून एक शब्द फुटला नसता. पण तिनं ओढणीनं तोंड पुसलं, सरळ ओसरीत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, हा भूकंप नाही. काकांचा कापूस आहे. शेजारची खोली मी उघडून पाहिली नाही, चूक माझी." मला मात्र गाठोड्यामागं तोंड लपवावं लागलं.

मला वाटलं आता मॅडम झापणार. तर त्या बाई इतक्या हसल्या की चहा लॅपटॉपवर सांडता सांडता राहिला. मग म्हणाल्या, "उत्तम. आता आधी किती वजनाला किती कल, ते मोजू." आणि त्यांनी गाव बोलावून रिकाम्या खोलीत बसवलं. लोक बसले की रेघ खाली, उठले की वर. पोरंसोरं, म्हातारे, सगळे रांग लावून. बायांनी अट घातली की आम्ही सगळ्या एकदम जाऊ आणि एकदम येऊ, एकेकीचं वजन कळता कामा नये. धर्मेंद्र शेतावरून परत आला, तर तो एकटा आत गेला तरी रेघ हलली. मी त्याला मुद्दाम दोनदा पाठवला. (त्याचा धुरा आता कापसाच्या वजनानं सरकला आहे. माणूस हार मानत नाही.) एवढं हसणं आमच्या घरात लेकीच्या लग्नातही झालं नव्हतं.

आणि आता खरी गोष्ट ऐक. त्या मापानं उज्मानं कापूस वजा केला. सगळी रेघ सपाट व्हायला पाहिजे होती. झाली नाही. एक बारीकशी, अगदी बारीक लाट उरली. मग तिनं सातपुड्याच्या पायथ्याच्या यंत्राची रेघ उघडून पाहिली, जिथं कापूस नाही आणि पुंजारामही नाही. तिथंही त्याच आठवड्यांत तशीच बारीक लाट! मॅडम एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, हे विहिरींचं पाणी उतरल्यामुळं असेल, आणखी काही असेल, किंवा खरंच तुला हवं ते असेल, आज कोणी सांगू शकत नाही, पुढचे दोन हंगाम मोजावं लागेल. मोठ्या रेघेवर उज्मा जेवढी नाचली नव्हती तेवढी त्या उरलेल्या लाटेवर नाचली, रुख्मिणीला हाताला धरून, आणि रुख्मिणीची कंबर त्या दिवशी काहीच बोलली नाही.

म्हणून लिहितो की तिला दोन वर्षं दे. शाळेला शिकवायला माणूस मिळेल. भरल्या ओसरीत आपली चूक आपण होऊन सांगणारी पोट्टी मी तरी दुसरी पाहिली नाही, आणि ती तुझी आहे याचा मला राग येतो, माझी असायला पाहिजे होती. भाभींना सलाम सांग.

तुझा भूकंपकर्ता मित्र,
पुंजाराम

ता. क. कापूस पोचलाच असेल. तुझ्या काट्यावर वजन काय भरलं ते कळव. आमच्याकडं जमिनीनं केलेलं वजन लॅपटॉपमध्ये आहे, तेव्हा काट्यात काही इकडंतिकडं झालं तर विज्ञान माझ्या बाजूनं आहे.

दुसरी ता. क. उज्माला आता तिसरं यंत्र अशा जागी बसवायचं आहे जिथं भरपूर वजन येतं, जातं आणि कोणत्या दिवशी किती ते बरोबर माहीत असतं. मी तुझं दर्यापूर रोडचं गोदाम सुचवलं आणि तुझ्या वतीनं हो म्हणून टाकलं. अर्धे दिवस तिचं काम आता अकोल्यातच राहील. लेक घरी पाहिजे म्हणत होतास ना? येते आहे, फक्त यंत्र घेऊन.

शेवटची ता. क. हे पत्र तिनंच आणलं आहे. भाभींच्या हाती आत पाठवून ती बाहेर तुझ्या फाटकाशी थांबणार होती. म्हणाली, "काका, मी काही बोलणार नाही. अब्बा पूर्ण वाचतील, मग बोलावलं तर आत जाईन." ते तिसरं यंत्र तिच्या हातात आहे, चांगलं जड आहे, आणि ती ते खाली ठेवत नाही. मी तिला आटोपशीर लिहितो म्हणालो होतो, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. ऊठ गयास, तिला आत घे.