राठोडसोबत एकच टेबल

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६. मारेगाव.

कापसाची खरेदी घटली म्हणून नव्या साहेबांनी आज ऑफिसच्या अर्ध्या खोल्यांना कुलूप लावलं. मले अन् राठोडले एकच टेबल! म्हणे, "तुम्ही दोघं सदा भांडता, गप्पांत वेळ तरी जाणार नाही." आता काय सांगू? ते भांडण वर्षभराचं सोंग आहे. तो तांड्यावरचा, आम्ही जोशी. घरी सांगायची हिंमतच नव्हती. राठोड तर ओरडला, "साहेब, हिच्यासंग मले जमत नाही!" टेबल एवढुसं, कोपराले कोपर लागतो. मी फाईलआड हसले. चहा देणाऱ्या कमलाबाईनं पाहिलंच. "पोरी, भांडून राह्यली का लाजून?" ती आमच्याच गल्लीतली. म्हणून घरी येताच मीच आईले सांगून टाकलं. ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "रविवारी जेवाले आण त्याले. तिखट किती खाते, विचारून ये."