जिलबीचा घास

प्रिय निरंजन,

रविवारी कुरुळीच्या मंगल कार्यालयात, आपल्या लग्नाच्या भर पंगतीत तू मला जिलबीचा घास भरवशील. जिलबी मैद्याची असते, आणि मला सिलिॲक आहे. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी माझं आतडं सुजतं. त्यावर औषध नाही; गहू जन्मभर बंद. ज्वारीची भाकरी, भात चालतो.

तुमच्याकडे पोळी टाळायला मी उपास सांगितला, तर तुझी आई केवढी खूश झाली! माझी आई म्हणते, लग्न होऊ दे, मग सांगू. हे पत्र द्यायची हिंमत होत नाही, म्हणून आरशासमोर घास गालात धरून रुमालात टाकायचा सराव करतेय. आता जमतं.

पण सोमवारपासून रोज पोळ्याच ना? रोज रुमाल कुठे लपवू रे?

तुझी होणारी,
विजयश्री